हनुवटीमामांचा चेहरा

फोटोवाल्यानं बायको पत्त्यांत लावली, ही बातमी सकाळी बेकरीतून निघाली आणि दुपारी न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत तो तिला हरलाही होता. इस्त्रीवालीनं तर तिला हातात सूटकेस घेऊन जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सूटकेस खरी होती. तिच्यात धुवायला निघालेले पडदे होते.

आता इतक्या गरमागरम बातमीवर पाणी ओतायचं म्हणजे जिवावर येतं, पण खरं तेही सांगायला हवं. बायको नव्हे, बायकोचा फोटो. आणि फोटोवाल्यानं तो लावला नव्हता. त्याच्या साडूंनी मागितला होता. बाकी पत्ते खरे, हरणं खरं, आणि फोटोवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं हेही शंभर टक्के खरं.

फोटोवाल्याला सगळी गल्ली हनुवटीमामा म्हणते. चौकात, सिग्नलच्या अगदी समोर त्यांचा स्टुडिओ. लग्नकार्याचे फोटो त्यांनी कधीच सोडले; आता फक्त पासपोर्टचे, परवान्याचे, ओळखपत्राचे. दिवसभर पडद्यापुढच्या गोल स्टुलावर माणसं येऊन बसतात आणि मामा तीच वाक्यं म्हणतात, "हनुवटी थोडी खाली. हसू नका. इकडं बघा. आणखी थोडी खाली." इतकी वर्षं म्हणून म्हणून ती त्यांच्या जिभेवर अशी बसली आहेत की, रस्त्यात कुणी मान ताठ करून चालला तरी मामा मागून "हनुवटी खाली" म्हणून मोकळे होतात. एकदा अंत्ययात्रेत म्हणाले होते. तो विषय नको.

गंमत अशी, की अख्ख्या गावाचे चेहरे कोरे करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा चेहरा म्हणजे पडदा न लावलेली खिडकी. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतं. आनंद झाला की भुवया केसांपर्यंत चढतात. काही बिनसलं की अतिशय गोड हसतात, आणि ते हसू इतकं खोटं असतं की समोरच्याला पाणी द्यावंसं वाटतं. गिऱ्हाइकाच्या हातात फोटोचं पाकीट देतात तेव्हा ते न उघडताच गिऱ्हाईक विचारतं, "इतका वाईट आलाय?"

तर अशा माणसानं पोकर खेळावं हा मुळात दैवाचा खट्याळपणा. तो दैवानं साडूंच्या हातून केला.

साडू म्हणजे मामींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोटार चालवायला शिकवण्याचा त्यांचा धंदा. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून जादा ब्रेकवर पाय ठेवल्यामुळे, जगात काय कधी थांबवायचं हे आपल्याच पायाखाली आहे अशी त्यांची समजूत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोन्ही बहिणी एकत्र जमतात, आणि त्यांच्या मागोमाग दोघे नवरे. तासन्‌तास नुसतं एकमेकांकडं बघत काय बसायचं, म्हणून साडूंनी एकदा पत्त्यांचा जोड आणला आणि जाहीर केलं, "आपण पोकर खेळू या. सोपं असतं. मी शिकवतो."

मामींनी तिथल्या तिथं नियम घातला. "माझ्या घरात पैशानं खेळायचं नाही, भावजी. बटणं घ्या." त्यांच्या शिवणाच्या डब्यातली बटणं वाटली गेली. पण नुसत्या बटणांत साडूंना राम वाटेना. मग ठरलं, की शेवटी ज्याच्यापुढं बटणांचा ढीग मोठा, त्याची एक मागणी बाकीच्यांनी पुरी करायची. मागणी घरगुती हवी, खर्चाची नको.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दर वेळी साडू जिंकायचे. मामांना पान आलं की साडू पान बघायचेच नाहीत, मामांकडं बघायचे. भुवया चढल्या की "नको बुवा" म्हणून पानं टाकून द्यायचे. मामा गोड हसले की बटणं लोटायचे. पहिल्या मागणीत मामांनी साडूंची मोटार धुतली. दुसऱ्या मागणीत जेवताना सगळ्यांपुढं म्हणावं लागलं, की साडूंइतकी गाडी कुणालाच मागं घेता येत नाही. तिसऱ्यांदा साडूंच्या मांजराचा पासपोर्ट फोटो काढला, दोन्ही कान दिसतील असा. मांजरानं हनुवटी खाली घेतली नाही. मामांच्या मनगटावर त्याची खूण अजून आहे.

आणि गेल्या खेपेला साडूंनी उठता उठता, गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हटलं, "पुढच्या वेळची मागणी आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्या दुकानाच्या काचेत तो फोटो आहे ना हिच्या बहिणीचा, तो काढा. तिथं माझा लावू. बॉनेटला टेकून, काळा चष्मा घालून. सिग्नलला गाड्या थांबतात, सगळ्यांच्या नजरेत भरेल. कसं?"

मामा अतिशय गोड हसले.

त्या फोटोची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो. मामी तेव्हा मामी नव्हत्या, पासपोर्टचा फोटो काढायला आलेली एक मुलगी होत्या. मामा म्हणाले, "हसू नका." त्यांना हसू आलं. मामा म्हणाले, "बघा, हसायचं नाही हं." त्या स्टुलावरून पडायच्या बेतात आल्या. मामांनी सगळा रोल संपवला आणि एकही फोटो कुठल्या कचेरीत चालण्यासारखा निघाला नाही. परदेशी जायचं होतं, ते राहिलं ते राहिलंच. त्यातला सगळ्यात निकामी फोटो, डोळे मिटलेले, दात दिसताहेत, एक वेणी हवेत, तो मामांनी मोठा करून काचेत लावला. त्यानंतर आलेले सगळे चेहरे गंभीर. त्या दुकानात हसलेला चेहरा तेवढा एकच. रस्ता विचारणाऱ्याला आपण अजून सांगतो, "हसऱ्या बाईपासून डावीकडं वळा."

मामी मात्र वरवर म्हणाल्या, "जाऊ द्या हो. किती वर्षं झाली. दात तर बघा माझे." आणि पडदे धुवायला सूटकेसमध्ये भरू लागल्या. पण त्या दिवशी त्यांनी ते भरलेले पडदे बाहेर काढून पुन्हा भरले, हे मामांच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मामा वरच्या मजल्यावर गेले. तिथं सिस्टर राहतात. निवृत्त परिचारिका, इस्पितळातल्या रिकाम्या पाळ्यांत डॉक्टरांना पोकरमध्ये असं धुतलेलं, की म्हणे काही जणांनी बदली मागून घेतली.

"सिस्टर, मला पोकर शिकवा."

"तुम्हाला? चेहरा बघितलाय का आरशात?"

"तो घरी ठेवून आलो असतो, पण सोय नाही."

सिस्टरनी औषधं वाटावीत तशी पानं वाटली. प्रत्येकाला दोन, उपडी. टेबलावर आधी तीन उघडी, मग एक, मग आणखी एक. हातातली दोन आणि टेबलावरची पाच मिळून जी सात, त्यांतली उत्तम पाच धरायची. मधून मधून बटणं लावायची, समोरच्यानं लावली तर तेवढीच भरायची, वाढवायची, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं. इथवर मामांना कळलं. कशाच्या वर काय, हे काही केल्या ध्यानात राहीना. शेवटी त्यांनी ते आपल्या धंद्यात बसवलं. एक जोडी म्हणजे नवरा-बायकोचा फोटो. दोन जोड्या म्हणजे व्याही-विहीण शेजारी उभे केलेले. तीन सारखी म्हणजे तिळे. पाच पानांची रांग म्हणजे उंचीप्रमाणे उभी केलेली शाळेची मुलं. पाचही एका रंगाची म्हणजे तीच मुलं गणवेशात. तीन आणि दोन म्हणजे अख्खं कुटुंब, लेकरांसकट. चार सारखी...

"चुलत भाऊ," मामा म्हणाले.

"काहीही म्हणा, पण विसरू नका," सिस्टर म्हणाल्या. "आता मुख्य गोष्ट. पहिली दोन पानं वाईट आली की टाकून द्यायची. निम्म्याहून अधिक वेळा टाकायचीच."

मामांचा चेहरा पडला. टाकणं हे त्यांना जमत नाही. लोकांनी न नेलेले फोटो त्यांच्या खणात वर्षानुवर्षं पडून आहेत. कधीतरी येतील न्यायला, या आशेवर. त्यातले काही लोक आता ओळखूही येणार नाहीत.

"सत्ती नि दुर्री आहे," ते म्हणाले, "पण अजून टेबलावर पाच पानं यायची आहेत. त्यांचंही काही नशीब असेल की."

"मामा, हा दवाखाना नाही. टाका."

टाकली. डोळे मिटून टाकली.

"दुसरं. शेवटी बोलायची पाळी आली तर चांगलं. आधी सगळे काय करतात ते दिसतं, मग आपण ठरवायचं."

"मग मी तयारच आहे. घरात मी नेहमी शेवटीच बोलतो."

"बोलता, पण तोवर ठरलेलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "आणि तिसरं. आपल्या पानांकडं कमी बघा, समोरच्या माणसाकडं जास्त. प्रत्येकाची एक खोड असते. थाप मारताना कुणी कान खाजवतो, कुणी फार बोलतो. ती हेरा. आणि अधूनमधून स्वतःही थाप मारा."

ही थाप मारायची कला आत्मसात करायला मामांनी स्टुडिओ बंद ठेवून स्वतःलाच स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्याला वेळेची कळ लावली, हातात पानं घेतली, चेहरा कोरा केला, फोटो. दुसरी पानं, फोटो. असे पुष्कळ. मग फोटो धुवून टेबलावर पसरले आणि मोठ्या आशेनं मामींना हाक मारली.

"बघ बरं, यात काही कळतंय का?"

मामी फोटोंवरून बोट फिरवत गेल्या. "इथं एक्क्यांची जोडी. इथं काहीच नाही. इथं राजा आहे, पण एकटा. इथं काहीच नाही, आणि भूकही लागलीये. आणि इथं मी दार उघडून आत आले होते."

एकही चुकला नव्हता.

अखेर तो रविवार उजाडला. थोरल्या बाई विणकाम घेऊन आल्या. त्या खेळतात, पण विणतात जास्त. सुया खाली ठेवल्या की समजायचं पान जबरदस्त आहे, पळा. मामी प्रत्येक राणी जपतात. "राणी आली की टाकवत नाही हो," म्हणतात, आणि तिच्यापायी सगळी बटणं घालवतात. म्हणजे खरा सामना दोघा साडूंचाच. साडूंनी येतानाच आपला फोटो आणला होता, बॉनेटसकट, चौकटीत बसवून. भिंतीला टेकवून ठेवला. फोटोतले साडू सगळ्यांचा खेळ बघत बसले.

सिस्टरचं सांगणं स्मरून मामांनी साडूंकडं नजर लावली. आणि थोड्याच वेळात त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साडूंनी थाप मारली की त्यांची हनुवटी वर जायची! जरा नव्हे, चांगली दोन बोटं. अरे, या माणसाच्या परवान्याचा फोटो काढताना आपण किती वेळा...! पुढच्या डावात साडूंनी मोठ्या दिमाखानं बटणं लोटली. हनुवटी वर. मामांनी बेधडक भरली. साडूंकडं काही नव्हतं. मामांनी ओढून घेतलेली बटणं कुरवाळली.

"आज रंग आहे तुमचा," साडू डोळे बारीक करून म्हणाले.

नंतरच्या डावात पुन्हा साडूंनी बटणं पुढं सारली आणि पुन्हा हनुवटी चढू लागली. आता फक्त गप्प बसायचं होतं. जगातला कुठलाही माणूस गप्प बसला असता. पण समोर माणूस बसलाय, हनुवटी वर आहे, आणि इतक्या वर्षांची जीभ तोंडात आहे...

"हनुवटी थोडी खाली," मामा म्हणाले.

थोरल्या बाईंनी सुया थांबवल्या. साडूंनी हात वर नेऊन हळूच आपली हनुवटी चाचपली. मग मामांकडं पाहिलं. मामा अतिशय गोड हसत होते.

"असं होय," साडू म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी हनुवटी जी कॉलरमध्ये रोवली ती बाहेर काढलीच नाही. चहासुद्धा तसाच प्यायले, अर्धा शर्टावर.

खेळ फिरला. मामांच्या भुवया चढल्या, साडूंनी पानं टाकली. मामा गोड हसले, साडूंनी बटणं लोटली. मामांचा ढीग वितळत चालला. मध्ये चहाचे कप ठेवायला म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि नळाशी नुसतेच उभे राहिले. मागून मामी आल्या. त्यांची बटणं केव्हाच संपली होती.

"काय झालं?"

"हा चेहरा. हाच वैरी आहे माझा."

"त्याला कशाला बोल लावता?" मामी कप विसळत म्हणाल्या. "तो बिचारा तुमचा शब्द पाळतो. तुम्ही त्याला जे सांगता, तेच तो लोकांना सांगतो."

मामा त्यांच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी एक कप चुकून खिशात ठेवला, काढला, आणि बाहेर जाऊन बसले.

बसले ते चष्मा कपाळावर ढकलून. कॅमेऱ्याला डोळा लावताना ते नेहमीच तसं करतात, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. पानं आली की कोपरे उचलून खाली बघायचे, मान हलवायचे, ठेवून द्यायचे. कधी टाकायचे, कधी बटणं सारायचे. साडू आपले मामांचा चेहरा वाचताहेत, वाचताहेत, आणि हाती काही लागत नाहीये. भुवया जागच्या जागी. हसू नाही. पाळण्यातल्या बाळासारखा तो चेहरा शांत होता. आता काय होतंय बरं, एवढंच काय ते कुतूहल त्यावर. साडू गोंधळले. एकदा चांगली पानं टाकून बसले. एकदा वाईट पानांवर भरून बसले. थोरल्या बाईंचीही बटणं संपली आणि त्यांनी विणकाम गुंडाळलं.

"हा शेवटचा डाव हं," त्या म्हणाल्या. "मग निघायचं. मांजर एकटं आहे."

दोघांच्या ढिगांत फार फरक उरला नव्हता. होता तो साडूंच्या बाजूनं. मामींनी पानं वाटली. साडूंनी आपली दोन बघितली आणि हनुवटी आणखी खोल रोवली. मामांनी कोपरे उचलले, बघितलं, मान हलवली. टेबलावर बदामची राणी आली, बदामची नव्वी, बदामची तिर्री. मग किलवरचा राजा. मग इस्पिकची पंजी. दर खेपेला साडू बटणं लावत गेले, मामा भरत गेले. शेवटी साडूंनी आणखी मूठभर पुढं सारली आणि खुर्चीत मागं रेलले.

मामांनी दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग टेबलाच्या मधोमध लोटला. एक कोटाचं मोठं बटण घरंगळत जाऊन साडूंच्या फोटोच्या चौकटीला टेकलं.

साडू वाकून मामांच्या चेहऱ्याकडं बघू लागले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. टेबलावर तीन बदाम. याच्या हातात आणखी दोन असले तर पाचही एका रंगाची. असतील? एरवी असा माणूस भुवया छताला लावून बसला असता. हा तर बसमध्ये खिडकीशी बसल्यासारखा बसलाय. इतकी निर्धास्ती कुठून येते माणसात? मोठ्या पानांतूनच येते, दुसरी कुठून?

"काय आहे तुमच्याकडं?" साडूंनी न राहवून विचारलं.

"कळेलच आता," मामा मनापासून म्हणाले.

त्या मनापासूनपणानं साडूंचा घात केला. सवयीनं त्यांचा पाय टेबलाखाली जादा ब्रेक दाबून गेला. "नको," म्हणत त्यांनी आपली पानं फेकली. राणी आणि राणी. टेबलावरची धरून तीन.

"अहो भावजी!" मामी ओरडल्या. "तीन राण्या टाकल्यात?"

मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, आपली दोन पानं उलटी केली, आणि मग कुठं त्यांच्या भुवया चढल्या. इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री. ना जोडी, ना रांग, ना एक बदाम. सगळ्यांत जास्त दचकले ते स्वतः मामाच. "अगं बाई," ते म्हणाले, "ही तर टाकायची असतात."

थोरल्या बाई हसू लागल्या. मामी तर अशा हसू लागल्या की खुर्चीचा काठ धरावा लागला. डोळे मिटलेले, दात दिसताहेत, अगदी काचेतल्यासारख्या. मामा पत्ते विसरून तिकडंच बघत बसले.

साडू मात्र लालबुंद. उठले तशी हनुवटी एकदाची कॉलरमधून बाहेर येऊन वर चढली. आपला फोटो काखेत मारला, त्यावरचं बटण झटकलं.

"म्हणजे तुम्ही पानं बघितलीच नव्हती? चष्म्याशिवाय तुम्हाला स्वतःचा अंगठा दिसत नाही! शेवटचे सगळे डाव तुम्ही आंधळ्यासारखे खेळलात? याला काय खेळ म्हणतात? मी इथं तासभर तुमच्या तोंडाकडं बघत बसलोय!"

मामांनी बटणं गोळा करून डब्यात भरली, डबा मामींच्या हातात दिला आणि मग साडूंकडं वळले.

"माझ्या तोंडाला खोटं बोलता येत नाही, साडूबुवा," ते म्हणाले, "म्हणून आज मी त्याला काही सांगितलंच नाही. आता जाताना हनुवटी थोडी खाली घ्या, जिना उतरायचाय."